ऑनलाइन लिलावातील ‘दुर्मीळ’ नाण्यांचे गौडबंगाल

ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ सालचे अतिदुर्मीळ नाणे, किंमत पाच लाख रुपये, घासाघीस करू नये, अशा धर्तीच्या जाहिराती इंटरनेटवरील खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे झळकत आहेत. त्यांच्या शेजारीच वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे दहा लाखांना आणि गेंड्याचे चित्र असलेले पंचवीस पैशांचे नाणे दीड लाखाला मांडलेले दिसते. या किमती पाहून अनेक घरांतील जुने डबे आणि देव्हाऱ्यातील तबके धुंडाळली जातात. त्यातून कोणी लखपती झाल्याचे ऐकिवात नाही. मात्र गाठीचे पैसे गमावल्याच्या तक्रारी पोलिसांकडे सातत्याने येत असतात.

‘बाझी डॉट कॉम’ हे भारतीय लिलाव-संकेतस्थळ अमेरिकेच्या ‘ईबे’ कंपनीने २००४ मध्ये विकत घेतले आणि त्यानंतर घरबसल्या बोली लावून नाणी घेण्याची सवय शहरी संग्राहकांना लागली. ‘ईबे’चे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. तोवर हा व्यवहार मोफत जाहिरातींच्या संकेतस्थळांवर आणि समाजमाध्यमांवरील गटांत पसरला होता. लिलावाच्या संकेतस्थळावर निदान बोलीची नोंद राहते आणि खरेदीदाराला तक्रारीची काही सोय असते. मोफत जाहिरातीत एक छायाचित्र, एक आकडा आणि एक मोबाइल क्रमांक एवढाच ऐवज असतो.

या बाजारात सर्वाधिक गोंधळ माजतो तो सांगितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतील फरक लक्षात न घेतल्यामुळे. विक्रेत्याने पाच लाखांचा आकडा टाकला म्हणून नाण्याचे मोल पाच लाख होत नाही. ते कोणी प्रत्यक्ष मोजले, तरच तो भाव. परंतु एकाची जाहिरात पाहून दुसरा तोच आकडा टाकतो, तिसरा त्यात भर घालतो आणि काही आठवड्यांत तो ‘बाजारभाव’ ठरतो. ‘तुमच्याकडे हे नाणे आहे का?’ अशा मथळ्यांच्या बातम्या चवीने छापून वृत्तसंकेतस्थळांनीही या फुगवट्याला हातभार लावला आहे, हे नमूद केलेच पाहिजे. प्रत्यक्ष लिलावातही भाव फुगवता येतो. विक्रेता आपल्याच माणसाकरवी किंवा दुसऱ्या नावाने उघडलेल्या खात्यातून बोली चढवत नेतो आणि खरा ग्राहक ईर्ष्येने पुढे सरकला की बाजूला होतो. त्याच दोन-तीन खात्यांनी एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक वस्तूवर बोली लावलेली दिसली, तर शंका घेण्यास पुरेसे कारण आहे.

१८१८ च्या आण्याचे पितळ

या सर्व जाहिरातींत पहिला मान १८१८ च्या ‘एक आण्या’कडे जातो. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, हनुमान किंवा कमळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत कंपनीचे नाव, ‘यूकेएल वन आना’ अशी अक्षरे आणि सन, असे त्याचे रूप. १६१६ आणि १७१७ अशा सुबक सनांचीही ‘नाणी’ आढळतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ही देवस्थानांबाहेर किंवा जुन्या बाजारात विकली जाणारी टोकने आहेत.

इतिहासाची थोडी उजळणी केली तरी त्यांचे पितळ उघडे पडते. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाली ते वर्ष. त्या काळी कंपनीचे देशभर एकच चलन नव्हते. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांची नाणी निराळी होती. मुंबई इलाख्याचा सुरती रुपया बादशहा शाह आलम याच्या नावाने फारसी अक्षरांत निघत होता आणि पुण्यात अंकुशी रुपया पेशवाईनंतरही काही वर्षे पाडला जात होता. कंपनीचे एकसारखे नाणे आले ते १८३५ च्या कायद्याने, चौथ्या विल्यमच्या मुखवट्यासह. अर्ध्या आण्याचे तांब्याचे नाणे त्यात होते. पूर्ण एक आण्याचे नाणे मात्र सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अवतरले. तेही नक्षीदार कडेचे, तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे. मग १८१८ चा आणा आला कोठून?

यावर विक्रेत्यांचे ठरलेले उत्तर असते, की कंपनीने हिंदू देवतांची नाणी काढल्याचे पुरावे आहेत. ते अर्धसत्य आहे. मद्रासमध्ये कंपनीने देवतांच्या आकृती असलेले सोन्याचे होन खरोखर पाडले होते. ‘तीन स्वामी’ होन त्यांपैकीच. अकबरानेही अखेरच्या काळात राम-सीतेची आकृती असलेली नाणी काढली. मात्र यांतील कोणत्याही नाण्याचे पितळी ‘आण्या’शी नाते नाही. खोट्याला खऱ्याचा टेकू देण्याची ही पद्धत या बाजारात सर्वत्र दिसते.

याच टोकनांवर ‘तांदूळ ओढणाऱ्या नाण्या’ची फसवणूक उभी आहे. वीज पडल्याने नाण्यात अद्भुत धातू तयार झाला असून अवकाश-संशोधन संस्था ते कोट्यवधी रुपयांना घेणार आहे, अशी थाप मारली जाते. तांदळाच्या दाण्यांना लोखंडाची भुकटी लावून आणि चुंबकाचा वापर करून प्रात्यक्षिकही दाखवले जाते. ‘तपासणी’साठी शास्त्रज्ञ येणार म्हणून आगाऊ खर्च मागितला जातो. अनेक राज्यांच्या पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. तरीही नवे गिऱ्हाईक मिळतच राहते.

खऱ्या नाण्यांची बनावट

टोकनाची लबाडी उघड आहे. अस्सल दुर्मीळ नाण्यांच्या नकलांचे तसे नाही. ब्रिटिश काळातील चांदीच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या दराने गुणले की नाण्याची किमान किंमत मिळते. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे बहुतांश रुपये कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले. सामान्य सनाचा, झिजलेला रुपया या किमतीपेक्षा फार वर जात नाही.

याला अपवाद असणारे काही सन आहेत आणि बनावट करणाऱ्यांचा डोळा नेमका त्यांच्यावर असतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया अत्यंत दुर्मीळ आहे. १९३८ चा त्या मानाने सहज मिळतो. त्यामुळे १९३८ च्या नाण्यातील शेवटचा आठ कोरून नऊ करण्याचा उद्योग चालतो. असे नाणे वजनाला बरोबर भरते, चांदी अस्सल असते, चुंबकाला दाद देत नाही. फसवणूक कळते ती भिंगाखालीच. शेवटच्या अंकाची उंची किंवा जाडी शेजारच्या अंकांशी जुळत नाही आणि त्याच्या भोवतीच्या सपाट भागावर बारीक ओरखडे दिसतात. ऑनलाइन जाहिरातीतील छायाचित्र नेमके सनाजवळ धूसर असेल, तर तो योगायोग समजू नये.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट निराळी. राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, असा बोभाटा झाला आणि टांकसाळीने ते नाणे मागे घेतले. सुमारे ९४ लाख पाडलेल्या नाण्यांपैकी अंदाजे ७ लाखच बाहेर गेली होती. उरलेली वितळवली गेली. पुढील वर्षी हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा आला. नाणे संग्राह्य खरेच. पण सात लाख बाहेर पडलेल्या नाण्याला ‘जगात तीनच शिल्लक’ म्हणणे हा शुद्ध कांगावा होय.

मुंबईच्या टांकसाळीशी नाते सांगणारे आणखी एक नाणे जगभरच्या लिलावांत संशयाने पाहिले जाते. पूर्वेकडील व्यापारासाठी १८९५ पासून मुंबई आणि कोलकाता येथे पाडलेला ‘ब्रिटिश ट्रेड डॉलर’ २६.९६ ग्रॅम वजनाचा आणि ९० टक्के चांदीचा. उभ्या ब्रिटानियाच्या त्रिशूलावर मुंबईचे ‘बी’ हे सूक्ष्म अक्षर असते. त्याच्या हलक्या धातूच्या नकला ढिगाने फिरतात. वजनात दोन-तीन ग्रॅमची तूट आढळली तर पुढे पाहण्याची गरजच उरत नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नकली नाण्यावर ‘नक्कल’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द उमटवणे बंधनकारक आहे आणि ‘ईबे’ने २०१२ मध्ये नकली नाण्यांच्या विक्रीवर बंदी घातली. परंतु नक्कल ‘अस्सल’ म्हणूनच मांडली, तर ही बंदी तिला आपोआप अडवत नाही.

महाराष्ट्रात भावनेचा बाजार शिवराईवर चालतो. ‘महाराजांच्या हातची शिवराई’ अशा मथळ्याखाली कोणतेही झिजलेले तांब्याचे नाणे हजारोंना लावले जाते. वस्तुतः शिवरायांनंतरचे छत्रपती आणि पेशवे यांच्या काळातही शिवराई पाडली जात राहिली. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ असे लेखनभेद, ठिपक्यांची वर्तुळे, दुदांडी असे तिचे असंख्य प्रकार आहेत आणि उत्तरकालीन शिवराई जुन्या बाजारात आजही माफक दरात मिळते. सोन्याचा शिवकालीन होन मात्र मोजक्याच संख्येने ज्ञात आहे. तो एखाद्या मोफत जाहिरातीत ‘तातडीने विकणे’ म्हणून दिसला, तर तो होन नव्हे, एवढे बेलाशक म्हणता येईल.

विकणाराच फसतो तेव्हा

या व्यवहारात केवळ घेणाराच बुडतो असे नाही. अलीकडच्या काळात विकणाऱ्याची फसवणूक अधिक होते, आणि त्यात निवृत्त, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा समावेश असतो. जाहिरात टाकताच फोन येतो. समोरचा माणूस घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करतो. सावध व्हावे ते येथेच. नंतर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र मोबाइलवर येते. त्यात आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग वाहतुकीचा विमा, अशी रक्कम हप्त्याहप्त्याने वाढत जाते. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचा हप्ता भरतो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत जाहीर खुलासा केला. जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही आणि तसा अधिकार कोणाही व्यक्तीला किंवा संस्थेला दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पाच-दहा रुपयांची वैष्णोदेवीची नाणी २०१२ मध्ये देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेली साधी स्मारक नाणी आहेत. गेंड्याचे पंचवीस पैसे स्टेनलेस स्टीलचे असून जून २०११ अखेर चलनातून गेले. चलनातून जाणे आणि दुर्मीळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरातील नाण्यांचा खरा भाव जाणून घ्यायचा असेल, तर मुंबई, अहमदाबाद, बेंगळूरु येथील नाण्यांच्या लिलावगृहांनी प्रसिद्ध केलेले, प्रत्यक्ष उठलेल्या बोलींचे आकडे पाहावेत. लिलाव-संकेतस्थळावरही ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ वेगळ्या काढून पाहता येतात. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय अभ्यासूंना परिचित आहे. तेथील नाणी एकदा डोळ्यांखालून घातली, तर ओतीव नकलेचा बोथटपणा आणि ठशाने पाडलेल्या नाण्याची धार यांतला फरक नजरेत बसतो. नाणे घासून चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा; चिंच लावून उजळलेल्या नाण्याची किंमत जाणकार तत्काळ उतरवतात.

कायद्याची बाजूही अनेकांना ठाऊक नसते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशस्थ मराठी संग्राहकाला येथून टपालाने शिवराई पाठवू पाहणारा विक्रेता त्यालाही अडचणीत आणतो. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे ‘शेतात खोदताना सापडले’ अशी जाहिरात एक तर खोटी असते किंवा गुन्ह्याची कबुली.

फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर तक्रार, तितकी समोरच्या खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. जाहिरातीचे छायाचित्र, संभाषण, व्यवहार क्रमांक आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील पुसू नये. लाजेपोटी हेच सारे आधी नष्ट केले जाते, आणि मग तपास करण्यासारखे हाती काही उरत नाही.