आगाशिवचं टाकं

कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरावर नववीचा वर्ग घेऊन जायचं ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी आम्ही मुलांना नेहमीचं सांगून टाकलं होतं: बौद्ध भिक्षू एरवी गावोगाव हिंडत, पावसाळ्यात मात्र एका जागी राहत, त्या वर्षावासासाठी ही लेणी कोरली. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं.

जखिणवाडीच्या बाजूने चढलं की लेणी दिसू लागतात. सगळी मिळून साठाहून अधिक, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातली. अजिंठा पाहून आलेल्याची इथे निराशा होईल. खडक भरड, त्यामुळे कोरीवकाम फारच थोडं. पुढे ओवरी, आत लहानशा खोल्या, खोलीत झोपायला दगडी ओटा. काही ठिकाणी स्तूप. आणि लेण्यांच्या शेजारी पाण्याची टाकी.

अशाच एका टाक्यात वाकून पाहणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, हे लोक पावसाळ्यातच राहायचे ना? मग पाणी साठवायचं कशाला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ओवरीत बसून हिशेब केला. (आकडे सोयीसाठी धरलेले, तुम्ही आपल्या वर्गात बदलून पाहा.) टाकं २ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर खोल, म्हणजे ८ घनमीटर, म्हणजे ८००० लिटर. दहा माणसं, प्रत्येकाला पिण्या-रांधण्यापुरतं रोज ५ लिटर. दिवसाला ५० लिटर गेले, तर पाणी १६० दिवस पुरेल. ऑक्टोबरच्या मध्यापासून मोजलं तर मार्चअखेर गाठते. दुसरं टाकं असेल तर उन्हाळाही निघतो. टाकं खडकाच्या पोटात असल्याने ऊन लागत नाही, वाफही कमी होते.

कठीण खडकात छिन्नीने एवढा खड्डा खोदणं हे काही तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी करायचं काम नव्हे. कान्हेरी, जुन्नरच्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय आणि तिचं दान लेण्यासारखंच नोंदवलंय. वर्षावास ही सुरुवात असेल. पण टाकी खोदली तेव्हा इथे बारमाही वस्ती होती, किंवा निदान तशी तयारी होती, असं मानावं लागतं. आमचं वहीतलं वाक्य तिथेच खोडलं.

बारमाही राहायचं तर रोजचं अन्नही हवं, म्हणजे जवळ खातंपितं गाव हवं. ते खाली दिसतच होतं. कऱ्हाडचं जुनं नाव करहाकट. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर करहाकट नगराच्या दानाचा लेख आहे, आणि कोकणात कुड्याच्या लेण्यांत करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणं दिल्याचा. एवढ्या लांब दान पाठवणारं गाव दारातल्या भिक्षूंना उपाशी ठेवील?

अमेरिकेतल्या मेसा व्हर्डेच्या कोरड्या मुलखात लोक कड्यातच राहत. पण त्यांनी खडक कोरला नाही. वालुकाश्माच्या कपारी मुळातच होत्या, त्यांत बाराव्या-तेराव्या शतकात दगडी घरं बांधली. वालुकाश्मातून पाणी झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या खडकाला अडून कपारीतच पाझरतं. घर आणि झरा एकाच जागी. पुढे १२७६ ते १२९९ असा मोठा दुष्काळ पडला. झाडांच्या खोडांतल्या वलयांवरून तो कळतो. १३०० च्या सुमारास घरं रिकामी झाली. दुष्काळ हे एकच कारण नसेल, पण ते मोठं होतं.

आपला कातळ, म्हणजे बेसॉल्ट, तसा पाझरत नाही. पाणी फटींतून किंवा दोन थरांच्या मधूनच येतं, तेही कुठे कुठे. सांगली जिल्ह्यात कुंडलच्या डोंगरात जैनांचं एक गुहास्थान आहे, त्याचं नावच 'झरी पार्श्वनाथ'. झरा नसेल तिथे टाकं खोदायचं, दुसरा इलाज नाही. माण-आटपाडीकडच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

उतरताना त्याच मुलीने पुढचा प्रश्न काढला: टाक्यात पाणी उतरायचं कुठून? पुढच्या खेपेला पावसात यायचं ठरलंय, कातळावरच्या पन्हळी शोधायला.