आजोबांची रायफल आपल्या भिंतीवर का नाही?

युरोप-अमेरिकेत लढाईवर गेलेल्या आजोबांच्या आठवणीत जुनी लष्करी रायफल दुरुस्त करणारे लोक आहेत. गंज काढतात, लाकडी दस्त्याला तेल देतात, भिंतीवर लावतात. आमचे आजे-पणजेही पलटणीत होते, पण आमच्या भिंतीवर रायफल नाही. ती सरकारची होती; शिपाई सुटला की जमा झाली. मात्र आमच्या बाबतीत प्रश्न एका रायफलीचा नाही. आख्ख्या समाजाच्या हातातून ती काढून घेतली गेली, आणि तीही दोनदा.

1 जानेवारी 1818 ला कोरेगावला पडलेल्या महार शिपायांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. तरीही 1890 नंतर लवकरच ‘लढाऊ जाती’चे खूळ पुढे करून महारांची भरती बंद झाली. निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये, शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये सरकारकडे दाद मागितली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि 1921 ला ती मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

रायफलीसोबत पगार, पेन्शन आणि शाळा येत होती. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. भरती बंद करणे म्हणजे हा दरवाजा बंद करणे होते.

‘तुम्ही इंग्रजांची चाकरी केली’ असे आम्हाला हिणवले जाते. त्याच फौजेत ‘लढाऊ’ म्हणवणाऱ्या जातीही होत्या. त्यांना हा प्रश्न कोणी विचारतो का?

म्हणून आपल्याला डागडुजी करायची आहे ती पुराव्यांची. घरात पणजोबांचे पहिल्या महायुद्धाचे पदक असेल तर त्याची कड पाहा; तिथे शिपायाचा नंबर, नाव व पलटण उमटवलेली असते. चिंच-राखेने घासू नका, अक्षरे झिजतात. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, गणवेशातला फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. प्रत काढा, नाव-गाव लिहा, म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. आपला इतिहास नाकारणाऱ्यापुढे घोषणेच्या आधी हा कागद ठेवता आला पाहिजे.

जयभीम!