मास्तरांचा माइट

मधमाशीच्या अंगाला चिकटलेला, तांबूस, मसुराच्या डाळीसारखा चपटा, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा जीव म्हणजे व्हॅरोआ माइट. हा कोळ्यांच्या गोतातला, म्हणून पाय आठ. युरोपीय मधमाश्यांच्या असंख्य वसाहती त्याने बुडवल्या. त्याला प्रथम नाव देणारे गृहस्थ मात्र शाळेत शिकवीत असत, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

आंतोनी कॉर्नेलिस औदेमान्स यांचा जन्म १८५८ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात झाला. उत्रेख्तला डॉक्टरेट मिळवून ते हेगच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक झाले. १८९२ मध्ये त्यांनी सागरी सर्पावर जाडजूड ग्रंथ लिहिला. हा सर्प म्हणजे लांब मानेचा, सीलसारखा सस्तन प्राणी असावा, असे त्यांचे अनुमान होते. तसा प्राणी आजवर कोणाला सापडलेला नाही! १८९५ मध्ये ते पद सोडून ते शिक्षक झाले. पुढे आर्नम गावी स्थिरावले.

शिकवण्यातून उरलेला वेळ माइटांचा. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना ठेवायचा, पायावरचे केस मोजायचे, चित्र काढायचे. एकाच जातीला अनेकांनी निरनिराळी नावे दिलेली असत. तो गुंता सोडवण्यासाठी त्यांनी माइट-अभ्यासाचा चिकित्सक इतिहासच लिहिला (१९२६ ते १९३७).

एडवर्ड जेकबसन यांनी जावात सातेरीच्या जातीच्या मधमाशीवर गोळा केलेल्या माइटचे वर्णन त्यांनी १९०४ मध्ये केले. प्रजातीला रोमन विद्वान व्हॅरोचे नाव दिले आणि जातीला संग्राहकाचे: व्हॅरोआ जेकबसोनी. सातेरीच्या पोळ्यात हा माइट मुख्यतः नरांच्या कोशात वाढतो, म्हणून आटोक्यात राहतो. आशियात नेलेल्या युरोपीय मधमाशीवर मात्र माइट चढला, तिच्या कामकरी माश्यांच्या कोशातही वाढू लागला आणि जगभर पसरला. शोधनिबंधांत त्याला जेकबसोनीच म्हणत.

पण जावातला माइट युरोपीय माशीवर वाढत नव्हता. मग नाशकर्ता कोण? २००० मध्ये अँडरसन आणि ट्रूमन यांनी डीएनए व आकारमान तपासून दाखवले की तो आशियाच्या मुख्य भूमीवरचा, थोडा मोठा, वेगळाच माइट आहे. त्याला व्हॅरोआ डिस्ट्रक्टर हे नाव मिळाले. औदेमान्स यांचे वर्णन जावातल्या नमुन्यांचे होते, म्हणून जेकबसोनी हे नाव तिथल्या माइटकडेच राहिले.

२००८ मध्ये पापुआ न्यू गिनीत हा खरा जेकबसोनीही युरोपीय मधमाशीवर वाढताना आढळला.