आदिलाबादचे परधान आणि त्यांची किकरी

घरात मराठी बोलणारा गायक देवकार्याला बसला की गोंडी गाऊ लागतो, आणि ज्यांची मातृभाषाच गोंडी आहे असे यजमान आपल्या कुळाचा इतिहास त्याच्या मुखाने ऐकतात. आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा प्रकार आहे. या गायकाला परधान म्हणतात. राजगोंडांचा तो वंशपरंपरागत भाट होय. मराठी ही त्याची बोलण्याची भाषा आणि गोंडी ही त्याच्या व्यवसायाची भाषा.

परधानाचा व्यवसाय त्याने स्वतः निवडलेला नसतो. तो वारशाने येतो. वडिलांकडून मुलाकडे जशी वाद्ये येतात, तशीच यजमानांची घरेही येतात. गोंड समाज चार, पाच, सहा व सात भावांच्या अशा चार शाखांत विभागलेला आहे. प्रत्येक शाखेच्या उत्पत्तीच्या आणि पराक्रमाच्या कथा वेगळ्या, आणि त्या गाण्याचा अधिकार त्या शाखेच्या परधानाचा. पेर्सा पेन म्हणजे कुळाचा थोर देव. त्याच्या उत्सवात ही गाथा गायिली गेली पाहिजे. एरव्ही ते कार्य पुरे झाले असे मानीत नाहीत. लग्नात आणि मृत्यूनंतरच्या विधींतही परधानावाचून चालत नाही.

त्याची मुख्य वाद्ये दोन. किकरी हे गजाने वाजविण्याचे तंतुवाद्य. मराठी मुलखात तिलाच किंगरी म्हणतात. पेपरे हे सनईच्या जातीचे फुंकवाद्य. किकरी बसून ऐकण्याच्या गाण्याची, तर पेपरे ढोलाच्या साथीने उघड्यावर, मिरवणुकीत व नाचात वाजावयाचे. कथेचा सांगाडा ठरलेला असतो. परंतु कोणता प्रसंग रात्रभर फुलवावयाचा आणि कोणता चार ओळींत उरकावयाचा, हे गायकाच्या हाती असते. म्हणून तो केवळ पाठ म्हणणारा नव्हे. गाता गाता तो रचनाही करीत असतो.

या वाद्याची थोरवी सांगणारी एक कथा गोंदिया जिल्ह्यातील कचारगडाशी निगडित आहे. गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या पूर्वजांना सोडविण्यासाठी पारी कुपार लिंगोने हिरासुका नावाच्या वादकाला किंगरी वाजवावयास सांगितले. त्या नादाने कोंडलेल्या मुलांच्या अंगी बळ आले आणि त्यांनी दारावरची शिळा ढकलून दिली. ती शिळा अंगावर येऊन हिरासुकाचा अंत झाला. गोंडांना मुक्ती मिळाली ती एका वादकाच्या प्राणाच्या मोलाने, असे ही कथा सांगते.

व्यवहारात मात्र या वादकाच्या वंशजाला तेवढी प्रतिष्ठा लाभली नाही. गोंड यजमान परधानाला सामाजिक दृष्ट्या खालचा मानीत आणि त्याच्या पंक्तीला बसत नसत. तरीही कुळाची स्मृती त्याच्याच स्वाधीन होती. धान्य, वस्त्र, गुरे अशा रूपाने मिळणाऱ्या दानावर त्याचा संसार चाले. म्हणजे यजमानाची जमीन पिकली तर भाटाची किकरी वाजणार, असे हे नाते होते.

या नात्याला धक्का बसला तो जमिनीपायीच. हैदराबाद संस्थानात बाहेरून आलेल्यांच्या हाती गोंडांच्या जमिनी जाऊ लागल्या आणि जंगल खात्याचे निर्बंध वाढले. त्या असंतोषातून कोमरम भीम यांचे बंड झाले. १९४० मध्ये जोडेघाट येथे ते मारले गेले. त्यानंतर, १९४१ मध्ये, व्हिएन्ना येथे जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या भागात आले व मार्लवाई गावी राहिले. परधानांच्या मुखातील गाथा त्यांनी टिपून घेतल्या. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्लवाईला १९४३ मध्ये शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनमाला नागरी लिपीत छापण्यात आली. कारण त्या भागातील मोजक्या साक्षर गोंडांना जी लिपी येत होती, ती मराठीची होती.

पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे आले आणि उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. तेथे शाळेची भाषा तेलुगू झाली. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले. मार्लवाई आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. राजकीय सीमा अशा सरकत गेल्या, आणि परधानाच्या मुलाला घरची मराठी, व्यवसायाची गोंडी व शाळेची तेलुगू अशा तीन भाषांमधून वाट काढावी लागली. शिक्षणाने त्याला नोकरीचा मार्ग दाखविला हे इष्टच झाले. परंतु रात्र रात्र बापाशेजारी बसून गाथा शिकण्याचा वेळ त्यामुळे कमी झाला.

अलीकडच्या काळात या प्रदेशातील कलेला मोठा मान मिळाला आहे. मार्लवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मोरपिसांचे टोप घातलेला तो नाच रंगमंचावर शोभतो आणि थोड्या वेळात प्रेक्षकांना जिंकतो. किकरीची गोष्ट निराळी. तिची गाथा रात्रभर चालते, आणि ती टाळ्या वाजविणाऱ्यांसाठी नसून ज्यांच्या पूर्वजांची नावे तीत गुंफलेली आहेत त्यांच्यासाठी असते. केसलापूरला पौष अमावास्येला मेश्राम कुळ नागोबाच्या जत्रेसाठी जमते, तेव्हा असा श्रोता अजून एकत्र येतो.

ग्रंथांनी गाथेचे शब्द राखले, आणि ध्वनिमुद्रणाने सूरही राखता येतील. परंतु परधानाची कला ही दोन घरांमधील देण्याघेण्याची कला आहे. यजमानाजवळ जमीन असावी, त्याला गोंडी कळावी आणि आपल्या भाटाला त्याने आपल्या पंक्तीला बसवावे, एवढे झाले तर किकरीला निराळ्या संरक्षणाची फारशी गरज उरणार नाही.