शाळेतील यंत्र आणि चाड्यावरची मूठ

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात यंत्र आले ते कापसाच्या मागोमाग. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर राहिले. खामगावच्या बाजाराचे महत्त्व त्या काळी एवढे होते. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. यंत्रे घडून आली ती परदेशातून. त्यांच्या तोंडी कापूस भरणारे हात तेवढे इथले होते. ते यंत्र कसे घडते, मोडले तर कसे जोडावे, त्याहून बरे कसे करावे, हे शाळेच्या धड्यात नव्हते. यंत्र आले, यंत्राची विद्या आली नाही. आज संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे माध्यमिक शाळेच्या दाराशी आली आहेत. अशा वेळी हा जुना हिशेब पुन्हा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या गावगाड्यात कारागिरी नव्हती असे मुळीच नाही. तिफणीचे चाडे घ्या. लाकडाची एक वाटी, तळाशी भोके, त्यांतून नळ्यांवाटे बी फणामागे पडते. सगळ्या भोकांत बी सारखे पडले पाहिजे. नाही तर एक ओळ दाट, दुसरी विरळ. सुताराला हे पक्के ठाऊक होते. पण त्याचे ज्ञान त्याच्या हातात राहिले. कागदावर उतरले नाही. ज्याच्या हाती कागद होता त्याने वाकस धरला नाही, आणि ज्याच्या हाती वाकस होता त्याला शाळेचा उंबरठा दूर होता. हाताची आणि डोक्याची ही फारकत आपल्याकडे जातीने पक्की केली. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे अशी मागणी होती. ती या फारकतीवरच बोट ठेवणारी होती.

पुढचा मोठा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम डॉ. झाकीर हुसेन समितीच्या हाती आकार घेऊ लागली. हस्तोद्योग हा एक वेगळा विषय न ठेवता सर्व विषय त्याच्याभोवती शिकवावेत, अशी ती कल्पना. बुलढाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, आणि त्या प्रांतात पंडित रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना पुढे आणली. शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तिचा गाभा. पण 1939 साली काँग्रेसची मंत्रिमंडळे गेली आणि योजनेचा आधार सुटला.

केवळ राजकारणाला दोष देऊन मात्र चालणार नाही. ज्या बापाने पिढ्यान्‌पिढ्या हत्यारच धरले, त्याने मुलाला शाळेत धाडले ते हत्यार सुटावे म्हणून. तिथेही गुरुजी टकळीच देऊ लागले, तर त्याला हा न्याय कसा वाटावा? कोठारी आयोगाने 1966 साली कार्यानुभवाची शिफारस केली. 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा पुरस्कार केला. दोहोंचे हेतू चांगले होते. पण अनेक शाळांत त्यांचे काय झाले ते आपण अनुभवलेच आहे: तासाला खडू आणि मेणबत्त्या, वर्षाअखेरीस वहीवर सही आणि श्रेणी.

आता नव्या यंत्राकडे वळू. विमानाचे भाग अचूक घडवण्याच्या गरजेतून अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी अंकांच्या आज्ञेने यंत्र चालवण्याची कल्पना मांडली. 1952 साली एमआयटी या संस्थेत छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आले. फितीची जागा पुढे संगणकाने घेतली. पडद्यावर रेखाटन करायचे. त्यावरून हत्याराने कोठून कोठे जावे याची आज्ञा तयार होते, आणि यंत्र लाकूड, पत्रा वा प्लास्टिक तसे कापते. इंग्लंडने 1990 साली संकल्पन आणि तंत्रज्ञान हा विषय आपल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात घेतला, आणि अशी छोटी यंत्रे शाळांत जाऊ लागली.

महाराष्ट्रात या विद्येचा धागा सापडतो तो पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ती नोकरी सोडून त्यांनी 1983 साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आखला: आठवड्यातून एक दिवस लोखंडकाम, वीज, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला मान्यता दिली. त्यातले मर्म असे की मुलांनी गावाची खरी कामे मोबदला घेऊन करावीत. गिऱ्हाइकाने पैसे मोजले की वाकडे जोडकाम लपत नाही. अशा तयार जमिनीवर 2002 साली एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. जगातील अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी ती एक. आधी गावाचे काम आले, नंतर संगणकाचे यंत्र. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हा क्रम आपल्या जिल्ह्यात कसा लावता येईल? पुन्हा चाड्याकडेच येऊ. नववीच्या मुलीने सोयाबीनचे दाणे मोजपट्टीने मोजावेत, संगणकावर चाडे रेखाटावे, यंत्रावर कापावे. मग मूठभर बी टाकून प्रत्येक नळीतले दाणे मोजावेत. एका नळीत कमी आले, तर भोकाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने बदलून पुन्हा कापावे. इथे भूमिती आली, सरासरी आली, शेती आली. सुताराला तिने शाळेत बोलावले, तर त्याच्या हातातली विद्या प्रथमच वहीत उतरेल. हत्यारापासून मुलाला सोडवू पाहणाऱ्या बापाचे समाधानही यातच आहे; कारण हे हत्यार गणिताशिवाय चालत नाही, आणि ते कोणत्याही एका जातीचे नाही.

2016 पासून नीती आयोगाने अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. देशभरात त्यांची संख्या दहा हजारांवर गेली आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटरसह साहित्य, अशी ही व्यवस्था. पैसा कमी नाही. पण एका शाळेत मी असा प्रिंटर पाहिला, त्यावर धुळीपासून जपण्याचे कापड होते. वर्षातून एकदा पाहुण्यांसमोर ते उघडले जाई, आणि यंत्र कोठून तरी आणलेले एक खेळणे छापून दाखवी. मुले टाळ्या वाजवीत. खामगावच्या जिनातला मजूर आणि ही मुले यांच्यात मला फार अंतर दिसले नाही: दोघांनाही दुसऱ्याने ठरवलेलेच यंत्रात भरायचे होते.

तेव्हा आपल्या शाळेत यंत्र आले की नाही, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की त्यावर काय करायचे ते कोण ठरवते. गावाने शाळेपुढे आपली अडचण ठेवावी, शिक्षकाने चुका करण्यास वेळ द्यावा, आणि किल्ली मुलांच्या हाती असावी. मृग लागला की कुणब्याने कोणाची वाट न पाहता चाड्यावर मूठ धरावी, ही आपली रीत आहे. या विद्येच्या चाड्यावर मूठ आपल्याच मुलांची असली पाहिजे.