पांढऱ्या मोटारीची झिलई : कुंभाराच्या गोट्यापासून क्लिअरकोटपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/१३
सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी हे गाव आज विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीमुळे ओळखले जाते. गावाचे नाव ऐकताच मात्र कुंभार आठवतो. या रस्त्यावर उन्हात धावणाऱ्या पांढऱ्या मोटारींच्या झिलईचा इतिहास समजून घ्यायचा, तर आरंभ कुंभाराच्या हातातील गोट्यापासूनच करणे योग्य.

२/१३
मडके अर्धवट सुकले की गुळगुळीत दगडाने ते घोटतात. त्यावर नवा पदार्थ चढत नाही. मातीचे चपटे कण आडवे बसतात, पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश एका दिशेने परततो. दख्खनेतील महापाषाणयुगीन काळ्या-तांबड्या भांड्यांवरील तुकतुकी या क्रियेतूनच आली. चकाकी वरून लावली जात नाही; ती सपाटपणातून येते. पुढचा सारा इतिहास याच सूत्राभोवती फिरतो.

३/१३
आरंभीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच रंगवल्या जात. जवसाच्या तेलातील रंग, त्यावर व्हार्निश, मधल्या थरांवर प्युमिस दगडाच्या पुडीने घासणे आणि पुन्हा वाळवणे, असा क्रम असे. एका गाडीच्या रंगकामाला कित्येक आठवडे लागत. कारखाना वेगाने गाड्या जुळवी, पण रंगशाळेत त्या अडून पडत.

४/१३
ही कोंडी १९२०च्या दशकात फुटली. ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आणले. १९२४च्या ओकलंड मोटारींवर ते प्रथम झळकले. फवाऱ्याने मारलेला हा रंग आठवड्यांऐवजी तासांत वाळे. वाळल्यावर मात्र तो मंद दिसे. कंपाउंडने घासल्याशिवाय त्याला तेज येत नसे. अशा रीतीने घोटण्याची जुनी क्रिया आधुनिक कारखान्यात शिरली.

५/१३
पांढऱ्या रंगाची अडचण वेगळी होती. शतकानुशतके पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. तो विषारी, शिवाय गंधकयुक्त हवेत काळवंडणारा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइडचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. याच्या ‘रुटाइल’ रूपाचा अपवर्तनांक सुमारे २.७, म्हणजे हिऱ्याच्या २.४२ पेक्षाही अधिक. पातळ थरातही तो खालचे पत्र्याचे अंग पूर्ण झाकतो.

६/१३
या रंगद्रव्याचे मूळ खनिज इल्मेनाइट केरळच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत विपुल आहे; ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आढळते. तिरुवनंतपुरम येथे १९४६ साली त्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स स्थापन झाली. आपल्या पांढऱ्या मोटारीचे पांढरेपण मुळात समुद्राच्या काळ्या वाळूतून येते, हा एक गंमतीचा विरोधाभास.

७/१३
इथे सोलापूरचा थेट संबंध येतो. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लिमथ, पुढे फियाट आणि अखेर प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. दुसरीकडे उत्तरपाड्याची पांढरी ॲम्बेसेडर ही सरकारी अधिकाराची खूण बनली. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘साहेबांची गाडी’ म्हटले की डोळ्यांपुढे पांढराच रंग येई.

८/१३
त्या पिढीतील गाड्यांवर रंग आणि चमक एकाच थरात असे. अशा जुन्या पांढऱ्या गाडीवर पॉलिश फिरवले की फडके पांढरे होते. अनेकांना तो मळ वाटतो. प्रत्यक्षात तो रंगच असतो. सूर्याच्या अतिनील किरणांत टायटॅनियम डायऑक्साइड भोवतालच्या राळेचे विघटन घडवून आणतो. राळ झिजते, रंगद्रव्याचे कण मोकळे होतात आणि खडूसारखी भुकटी वर येते. पुढे कणांवर ॲल्युमिना आणि सिलिका यांचे आवरण चढवून ही झीज बरीच रोखली गेली.

९/१३
१९७०-८०च्या दशकांत जगभर रंगाची रचनाच बदलली. खाली रंगाचा थर आणि वर पारदर्शक ‘क्लिअरकोट’, अशी विभागणी झाली. आता फडक्यावर रंग उतरत नाही. उतरतो तो पारदर्शक थर, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. या थराची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. अतिनील किरण अडवणारी द्रव्येही त्यातच असतात.

१०/१३
पांढऱ्या गाडीचा खरा पेच इथे आहे. गाडी काळी असो वा पांढरी, समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश क्लिअरकोट आरशासारखा परतवतो. काळ्या पार्श्वभूमीवर ते प्रतिबिंब उठून दिसते. पांढऱ्यावर खालून विखुरलेल्या प्रचंड प्रकाशात ते बुडून जाते. म्हणून पांढरी गाडी उत्तम घोटलेली असूनही ‘चमकत नाही’ असे वाटते. मग मालक पुन्हा रबिंग करवतो, पुन्हा काही मायक्रॉन जातात. थर संपला की बाजारातील कोणतेही पॉलिश तो परत आणू शकत नाही. उपाय एकच, नव्याने रंगकाम.

११/१३
घोटणे झिजवते, म्हणून राखणे आले. ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरील कार्नौबा मेण सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळते, मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना. तापलेल्या बॉनेटसाठी कार्नौबा का निवडले गेले, हे या आकड्यांतच कळते. पुढे सिलिकोन आणि कृत्रिम पॉलिमरचे सीलंट आले, या शतकात सिलिकावर आधारलेले सिरॅमिक लेप.

१२/१३
यांच्या जोडीला जपानमधून ‘क्ले बार’ आला. पृष्ठभागात रुतलेले लोखंडाचे कण पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपक्यांसारखे दिसतात; हा मऊ गोळा ते उचलून काढतो. त्यामुळे पुष्कळदा रबिंगची गरजच उरत नाही. नावाने माती असली, तरी तो कृत्रिम राळेत मिसळलेल्या सूक्ष्म घर्षकांचा बनतो.

१३/१३
म्हणून क्रम असा रूढ झाला : आधी धुणे, मग क्ले, गरज असेल तरच हलके पॉलिश, शेवटी सीलंट. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात हे काम सावलीत आणि थंड पत्र्यावरच करावे. बोअरचे जड पाणी अंगावर वाळू दिले, तर क्षारांचे डाग उमटतात. कुंभाराचे घोटलेले मडके भट्टीत भाजून पक्के होते. मोटारीच्या झिलईला तशी भट्टी पुन्हा मिळत नाही. कारखान्यातून आलेला तो पातळ थर जपून खर्च करणे, एवढेच मालकाच्या हाती उरते.

(समाप्त)