फावड्याला फावडें

आडपडदा न ठेवतां बोलणाऱ्या मनुष्याविषयीं 'तो फावड्याला फावडें म्हणतो' असें इंग्रजींत म्हणण्याची रूढि आहे. वस्तूचें खरें नांव घेण्याचा एवढा आग्रह धरणारी ही म्हण स्वतः मात्र एका चुकीच्या भाषांतरांतून जन्मास आली, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

मूळ कथा ग्रीक ग्रंथकार प्लूटार्क यानें सांगितली आहे. मॅसिडोनियाचा राजा फिलिप यानें इ. स. पूर्व ३४८ मध्यें ऑलिंथस हें नगर फितुरीच्या साह्यानें घेतलें. पुढें तेथील फितुरांनीं राजाकडे गाऱ्हाणें नेलें कीं, त्याच्या पदरचे लोक त्यांस देशद्रोही म्हणतात. आमचे लोक पडले गांवढळ. ते काथवटीला काथवटच म्हणणार, अशा आशयाचें उत्तर राजानें दिलें. मूळ ग्रीक शब्द 'स्काफे'. लाकूड कोरून केलेलें भांडें असा त्याचा अर्थ.

पुढें १५३१ सालीं डच पंडित इरॅस्मस यानें हीं वचनें लॅटिनमध्यें आणलीं, तेव्हां भांड्याच्या जागीं त्यानें कुदळीचा शब्द योजिला. ग्रीकांतील 'खणणें' या अर्थाचा धातु 'स्काफे'स जवळचा असल्यामुळें हा घोटाळा झाला, असें विद्वान् मानतात. १५४२ सालीं निकोलस युडॉल यानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें आणि त्यांत 'स्पेड', म्हणजे फावडें, हा शब्द घातला. अशा रीतीनें काथवटीची कुदळ झाली, कुदळीचें फावडें झालें, व तेंच इंग्रजींत रूढ झालें.

परंतु इंग्रजींत 'स्पेड' आणखी एक आहे. तो म्हणजे पत्त्यांतील इस्पिक. तो फावड्यावरून आलेला नाहीं; तलवार या अर्थाच्या इटालियन शब्दावरून तो आला. काळ्याभोर रंगास इस्पिकच्या एक्क्याची उपमा देण्याचा प्रघात इंग्रजींत होताच. त्यावरूनच १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कृष्णवर्णीयांस 'स्पेड' म्हणून हिणविण्यांत येऊं लागलें. परिणामीं, त्या शिवीहून सुमारें चार शतकें जुनी असलेली ही निरपराध म्हण उच्चारण्यास तेथील कित्येक विचारी माणसें आज कचरतात.

कोशकार या म्हणीस निर्दोष ठरवितील, आणि तें न्याय्यच होईल. पण ज्याच्या तोंडावर ती शिवी फेकली गेली, त्यानें शब्द कानीं पडतांच आधीं कोश उघडावा, अशी अपेक्षा कोणीं करावी? फिलिपच्या दरबारीं फितुरांस मिळालेलें नांव त्यांनीं आपल्या कृतीनें मिळविलें होतें. अमेरिकेंत दिलेलें नांव केवळ कातडीच्या रंगावरून दिलेलें होतें. पहिलें कितीहि कडू असलें तरी तें सत्य होतें. दुसरें मात्र, कितीहि रोखठोकपणें उच्चारलें तरी, केवळ अपमानच होतें. स्पष्टवक्तेपणाची प्रौढी मिरविणारांनीं हा भेद ओळखावा, एवढेंच या फावड्याच्या इतिहासाचें सांगणें आहे.